बेकरीवाल्याला दुर्गंधी आली नसेल?



युद्धपट पाहताना आपण नकळत सैनिकाच्या बाजूला उभे राहतो. 'बँड ऑफ ब्रदर्स' (२००१) या अमेरिकन मालिकेच्या दहांपैकी नववा भाग पाहिल्यापासून मात्र आम्हांला तिथे उभे राहणे जड जाते.

एप्रिल १९४५. जर्मनीतील लांड्सबर्ग गावाजवळच्या जंगलात सैनिकांना तारेच्या कुंपणामागे सापळे झालेले ज्यू कैदी सापडतात. हे कल्पित नव्हे. त्या परिसरात डाखाऊ छळछावणीच्या ११ उपछावण्या होत्या. मालिकेतले सैनिक गावातून पाव आणून वाटतात. डॉक्टर वाटप थांबवतात, कारण उपाशी देहाला एकदम भरपेट अन्न मिळाले तर मरण ओढवते. कैद्यांना पुन्हा आत जायला सांगण्याचे काम जर्मन जाणणाऱ्या सैनिकावर येते. तो ढसाढसा रडतो. इथे सैनिक वीर उरत नाही, हे मालिकेचे मोठेपण.

पण आमचे मन अडते ते पाव नेल्याबद्दल तक्रार करणाऱ्या बेकरीवाल्यापाशी. आपण नाझी नाही, असे तो सांगतो. सैनिक संतापून विचारतो, तुला दुर्गंधीही आली नाही काय?

बव्हेरिया हा तेव्हा कॅथलिकबहुल प्रांत होता. असा माणूस रविवारी मिस्सेला जात नसेल, असे कोण म्हणेल? त्याने कुणाला मारले नाही. मग तो दोषी कसा?

संत थॉमस अक्विनस सांगतात, जे कळणेच शक्य नव्हते त्याचे अज्ञान दोषमुक्त करते. पण मुद्दाम पत्करलेले अज्ञान पाप कमी करत नाही, उलट वाढवते.

कुणी म्हणेल, भीती खरी होती. होतीच. डाखाऊमध्ये अडीच हजारांहून अधिक कॅथलिक धर्मगुरू डांबले गेले होते; संत टायटस ब्रँड्स्मा २६ जुलै १९४२ रोजी तिथेच मरण पावले. प्रत्येकाने रक्तसाक्षी व्हावे, असे देव मागत नाही. परंतु भीतीने गप्प राहणे वेगळे आणि काही घडतच नाही असे स्वतःला पटवणे वेगळे. पहिल्यात सदसद्‌विवेक जखमी होतो, दुसऱ्यात तो मरतो.

चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातील याजक व लेवी यांनीही जखमी माणसाला पाहिले होते. मिस्सेच्या आरंभी आपण कर्तव्य टाळून केलेल्या पापांचीही कबुली देतो. आज ती देताना क्षणभर थांबू या. शेजारच्या घरातून रात्री येणारे रडणे आपण ऐकले नाही, की ऐकायचे नाही असे ठरवले?

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू