खुंट्याला दुसरा हात

स्पेनच्या फ्लामेंको गाण्यात ‘सोलेआ’ नावाचा प्रकार आहे. हा शब्द ‘सोलेदाद’, म्हणजे एकटेपण, यावरून आला असं मानतात. पण ते एकटेपण गायलं जातं चारचौघांत. सोबत गिटार, टाळ्यांचा ठेका आणि मधूनच ‘ओले!’ अशी दाद.

आमच्या वाईकडच्या खेड्यांत जात्यावरच्या ओवीला अशी दाद नव्हती. पहाटे घर झोपलेलं असताना बाई दळायला बसायची. सासुरवास, दुरावलेलं माहेर, गेलेलं माणूस, जे दिवसा बोलायची सोय नव्हती ते घरघरीत म्हणायची. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत. मी त्या हेडफोन लावून ऐकतो, आणि प्रश्न पडतो: जे दुःख मला सांगितलंच नव्हतं, ते ऐकायचा मला काय हक्क?

उत्तर जात्यापाशीच सापडतं. दळण जास्त असलं की दोघी समोरासमोर बसत. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीनं ओवी उचलली की दुसरी ती पुढे नेई. म्हणजे ऐकणारीसुद्धा अर्धं जातं ओढत होती. ऐकायचा हक्क तिला त्या ओढण्यातून मिळत होता.

आज मित्राची रडवेली व्हॉइस नोट दीडपट वेगानं ऐकता येते, खाली एक इमोजी टाकता येतो. त्याला ऐकणं म्हणावं का? माझ्या मते, समोरच्याचं ओझं थोडं तरी आपल्या हाताला जाणवेपर्यंत नाही. त्याच्याकडे जाऊन बसणं, त्याच्या वेगानं.