पाचवी चिमणी

मत्तयाच्या शुभवर्तमानात एका पैशाला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात दोन पैशांना पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर फुकट. बाजारात जिला भावच नाही, त्या पाचवीलाही देव विसरत नाही, असं येशू म्हणतो. तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, असंही म्हणतो. देव एकेका माणसाची जातीने काळजी घेतो, या ख्रिस्ती श्रद्धेचं सगळ्यात ठसठशीत रूप हेच. मात्र मत्तयात हे बोलणं कोणत्या प्रसंगी येतं, तेही पाहायला हवं. येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो आहे. तुम्हाला धरतील, फटके मारतील, जिवे मारतील, असं त्याने आधीच सांगून टाकलं आहे, आणि लगेच चिमणीची गोष्ट काढली आहे. चिमणी पडणारच नाही, असं तो म्हणत नाही. ती पित्यावाचून पडत नाही, एवढंच म्हणतो.

या ‘एवढंच’चं काय करायचं, हा प्रश्न ख्रिस्ती विचाराला दोन हजार वर्षं सुटलेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर तो पुस्तकात मिटून ठेवताच येत नाही.

बायबलच्या जुन्या भागात देवाची काळजी प्रामुख्याने एका लोकसमूहाची आहे. करार इस्राएलशी आहे, देश त्यांना मिळतो, शिक्षाही सगळ्यांना मिळून होते. पण अगदी सुरुवातीलाच हागार भेटते. ती दासी आहे, परदेशी आहे, गरोदर आहे, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली आहे. देव तिला झऱ्यापाशी गाठतो, आणि ती त्याला स्वतः एक नाव देते: मला पाहणारा. देवाला नाव देणारी बायबलमधली पहिली व्यक्ती ही अशी बेवारस बाई आहे, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. पुढे इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोक बाबेलला नेले गेले. समूहच मोडला तेव्हा एकट्या माणसाचा प्रश्न ऐरणीवर आला. बापाचं पाप मुलाच्या माथी मारायचं नाही, ज्याचं त्याचं पाहिलं जाईल, हे यहेज्केल संदेष्ट्याने याच हद्दपारीत सांगितलं. हरवलेलं मेंढरू मी स्वतः शोधीन, हे देवाचं वचनही त्याच्याच पुस्तकात आहे. येशूच्या शंभर मेंढरांच्या दाखल्याचं मूळ तिथे सापडतं.

ग्रीक-रोमन जगात मात्र हा विचार अडखळला. देव मोठ्या गोष्टी पाहतात, किरकोळ सोडून देतात, अशी तिथल्या शहाण्या माणसांची धारणा होती. खुद्द जेरोमलाही तो मोह आवरला नाही. लॅटिन बायबल सिद्ध करणाऱ्या या विद्वानाने हबक्कूकवरच्या भाष्यात लिहिलं, की क्षणाक्षणाला किती चिलटं जन्मतात आणि किती मरतात याचा हिशेब देव ठेवत असेल, असं मानणं म्हणजे त्याचा मोठेपणा कमी करणं. वाचताना हे पटतं. पण चिलटं वगळली की मग पाचवी चिमणी का नाही, आणि तिच्यानंतर कोण? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ही वाट बंद केली. जे जे अस्तित्वात आहे ते देवामुळे आहे. म्हणून त्याची योजना जातीपाशी किंवा प्रकारापाशी थांबत नाही, ती एकेका वस्तूपर्यंत पोहोचते. देवाचा मोठेपणा लहानाकडे दुर्लक्ष करण्यात आहे, ही समजूत त्याने उलटी केली.

अठराव्या शतकात युरोपातल्या सुशिक्षितांना नियमांनी चालणारं विश्व आणि लांबून पाहणारा देव पटू लागला, तेव्हा मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1786 मध्ये त्याविरुद्ध प्रवचन लिहिलं. सगळ्यांची सरसकट काळजी आणि एकेकाची काळजी अशी फोडच त्याला मान्य नव्हती. एकेक वगळला तर ‘सगळे’ उरतात कुठे, हा त्याचा सवाल. 1835 मध्ये इंग्लिश धर्मगुरू न्यूमनने याच विषयावर प्रवचन केलं, आणि त्यासाठी वचन निवडलं ते हागारचं.

हे सगळे प्रवाह आमच्या मुलखात उतरले. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने 1870 च्या दशकात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, काम सुरू केलं. इथे राबलेले अलेक्झांडर वुड 1926 साली नागपूरचे बिशप झाले. वेस्लीचा वारसा सांगणारं अमेरिकन मेथडिस्ट मिशन सिरोंच्याला आलं. 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे चांदा सोपवलं गेलं, आणि बल्लारपूर त्याचं केंद्र झालं.

ज्यांच्या कानी हा विचार पडला, त्यांच्या पाट्या कोऱ्या नव्हत्या. मराठी माणसाला जनीबरोबर दळायला बसणारा विठोबा ठाऊक होता; देव एका दासीच्या जात्याशी येतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गोंड, माडिया पाड्यांवर पेन म्हणजे देव, आणि तो कुळाचा. तिथे माणूस कुळात राहूनच सांभाळला जातो, एकटा वेगळा काढून नाही. मला या दोन्हींतून शिकण्यासारखं दिसतं. जनी देवाला हाक मारते. दाखल्यातलं मेंढरू मात्र हाक मारत असल्याचं कुठे लिहिलेलं नाही, तरी त्याला शोधलं जातं. आणि सापडल्यावर मेंढपाळ शेजारपाजाऱ्यांना गोळा करतो, हा भाग आम्ही प्रवचनात घाईने उरकतो. माझा देव, माझी काळजी, माझं तारण, एवढ्यावर थांबणारी श्रद्धा त्या दाखल्याच्या निम्म्यातच थांबते.

खरी कसोटी लागते ती उपासनेत साक्ष देण्याच्या वेळी. तेंदूपानांच्या हंगामात सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल भागातल्या बाया पहाटेच जंगलात शिरतात. पान खुडायला खाली वाकलेलं माणूस वाघाच्या टप्प्यात येतं, आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी जातं. जी वाचली तिने ‘देवाने मला राखलं’ म्हणावं. तो तिचा हक्क आहे, आणि ते खरंही आहे. पण तिच्या शेजारी पान तोडणारी गेली असेल, तर तिच्या घरच्यांनी त्या वाक्यातून काय समजायचं? हा प्रश्न इथे नवा नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात शाळा चालवत होते, गोंडांची गाणी टिपून घेत होते; 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत आई-वडील गमावले. पोथ्या वाचत, व्रतं करत, उपाशी. यांतला कोण देवाच्या मोजणीतून सुटला होता? कुणीच नाही, असं मी मानतो. म्हणूनच ‘राखलं’ हा काळजीचा एकमेव अर्थ असू शकत नाही.

रमाबाईंनी त्याचं केलं काय, ते पाहण्यासारखं आहे. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपली उपासमार आठवून त्या तिकडे गेल्या, आणि उपाशी मुली, विधवा यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांतून वाढलं. देवाने त्या मुलींची काळजी घेतली, हे वाक्य तिथे खरं ठरतं ते रमाबाईंच्या पायांनी.

आपल्याच जिल्ह्यातलं एक काम मला इथे आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च ही ख्रिस्ती संस्था नाही, आणि तिच्यावर आमचा शिक्का मारणं अप्रामाणिकपणाचं होईल. बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. घरोघर जाऊन बाळाचं वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहायचा. बारशाआधीच गेलेलं बाळ एरवी कुठल्या वहीत येत नसे. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. देवाने केस मोजले, असं म्हणणाऱ्या मंडळीने आपल्या गावातली किती माणसं मोजली, हे या वह्या पाहून मला विचारावंसं वाटतं.

बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग ते देवाची बाजू मांडू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने दोष दिला तो त्यांनाच. वाघाने ज्यांच्या घरचं माणूस नेलं, त्यांनाही साक्षीच्या वेळी उभं राहू द्यावं. ते जे बोलतील ते ऐकून घ्यावं, ‘देवाची इच्छा’ म्हणून त्यांना खाली बसवू नये. उपासना संपल्यावर भरपाईच्या कागदांसाठी त्यांच्याबरोबर वनविभागाच्या कार्यालयात कुणीतरी जावं, आणि पुढच्या हंगामात त्या घरच्या बाईला एकटीने पानं तोडायला जावं लागणार नाही, हे मंडळीने आधी ठरवावं.