मदतनीस आणि शिक्षिका

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला हे मॅंगनीजच्या खाणीचे गाव आहे. अशा गावातील अंगणवाडीत सकाळी डोकावावे, तर सेविका नोंदींत गुंतलेली असते आणि रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्याशी झाडीबोलीत बोलणारी बाई असते मदतनीस. खिचडी शिजविणे, झाडलोट करणे, घरोघरी फिरून मुले गोळा करणे ही तिची नेमलेली कामे. रंगांची, अंकांची पहिली ओळखही अनेकदा तीच करून देते. कागदावर मात्र ती शिक्षिका नव्हे. तिने शिक्षिका व्हावे काय, आणि व्हायचे तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न सेवाशर्तींच्या भाषेत मांडला जातो. आम्हाला तो न्यायाचा वाटतो.

महाराष्ट्राने अशी वाट एकदा चालून पाहिली आहे. शाळेपासून दूरच्या पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या, तेव्हा गावातीलच तरुण-तरुणींना तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक म्हणून नेमले गेले. पुढे त्यांना अध्यापन पदविकेची संधी मिळाली आणि २०१४ साली त्यांना नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून सामावून घेण्यात आले. त्यातील 'निम' हा शब्द आम्हाला आजही सलतो. त्यांच्यापुढे बसलेले मूल काही निम्मे नव्हते.

तरीही परवान्याची अट म्हणजे निव्वळ अडवणूक, असे आम्ही म्हणणार नाही. तीन वर्षांच्या मुलाची बोटे अक्षरे गिरविण्यास तयार झालेली नसतात. मायाळू मदतनीस मायेपोटीच त्याच्या हातात पाटी देते, पालकही सुखावतात. प्रशिक्षित बाई त्याला माती, मणी आणि बिया देते. हा फरक मायेने कळत नाही, तो शिकावा लागतो. शहरातील सुखवस्तू मुलाला प्रशिक्षित शिक्षिका आणि खाणकामगाराच्या मुलाला केवळ प्रेमळ बाई, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून अट असावी. पण तिचा भार कोणी उचलावा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला, तोही बराचसा मोबाईल व दूरचित्रवाणीद्वारे. प्राथमिक शाळेची वाट याहून लांबची आहे: दोन वर्षांची पदविका, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र न्यायालयाने सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आपल्या शाळांनी त्या आडोशाला निश्चिंत बसावे, असे आम्हाला वाटत नाही.

येथे अनुताई वाघ यांचे नाव हटकून निघते. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक, ताराबाई मोडकांसह बोर्डी-कोसबाडचे बालशिक्षणाचे कार्य, आणि पन्नाशी उलटल्यावर १९६१ साली बी.ए.! उदाहरण थोर आहे, पण ते सांगणाऱ्यांचा हेतू नेहमीच थोर असतो असे नाही. अनुताईंनी केले, मग तुम्हाला का जमत नाही, असे म्हटले की आपला खिसा शाबूत राहतो. दिवसभर चुलीशी, मग घरच्या चुलीशी उभ्या असलेल्या बाईने रात्री अकराला पुस्तक उघडावे, ही अपेक्षा तिच्या जिद्दीचा गौरव करीत नाही, ती जिद्द फुकट वापरते.

आपल्या धर्मग्रामांच्या बालवाड्यांतही अशा बाया आहेत. त्यांना आपण 'मावशी' म्हणतो, आणि त्या एका शब्दात पगाराचा विषय मिटवून टाकतो. यांपैकी ज्या बारावी झाल्या आहेत, त्यांचे पदविकेचे शुल्क शाळेने भरावे, अभ्यासाचे दोन तास कामाच्या वेळेत धरावेत आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांची झाडू-बादली दुसऱ्या कोणी उचलावी. पैसा कोठून आणायचा, असे पालकसभेत विचारले जाईलच. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा हिशेब त्याच सभेत वाचायला घ्यावा.