सात दिवसांचा फरक

संक्रांतीपर्यंत पुरेल असं धरलेलं गिझरचं सिलिंडर नाताळच्या आदल्या दिवशीच संपलं, तेव्हा आबाजींनी कपाटातून वही काढली. सरकारी नोकरीत हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर नागपूरच्या मानेवाड्यातल्या आपल्या घराचा हिशेबही ते तितक्याच काटेकोरपणे ठेवायचे. स्वयंपाकाचं सिलिंडर वेगळं, गिझरचं वेगळं. दोन्हींच्या तारखा वहीत. पावसाळ्यात गिझरचं सिलिंडर पंचेचाळीस दिवस गेलं होतं. आता एकोणीस दिवसांत खलास! घरात माणसं तीच पाच, आंघोळीच्या बादल्याही रोजच्या त्याच आठ-नऊ.

“चोरी,” आबाजी म्हणाले आणि वही मिटली.

गल्लीत त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देणारे पुष्कळ होते. शेजारच्या काकांनी तर गॅसवाले रस्त्यात गाडी थांबवून गॅस कसा काढून घेतात याचं वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखं केलं. असे प्रकार घडतात, पकडले गेल्याच्या बातम्याही येतात. त्यामुळे संशय अगदीच हवेतला नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक घातक होता. जी गोष्ट कुठेतरी खरी असते, ती आपल्याकडेही खरी असणार असं माणूस पटकन धरून चालतो आणि पुढे काही तपासायच्या भानगडीत पडत नाही.

नवं सिलिंडर घेऊन गॅसवाला आला तेव्हा आबाजी फाटकातच उभे होते. शेजारचे काका, समोरच्या वहिनी, दोन-तीन पोरं, सगळे होतेच.

“काय हो, रस्त्यात किती काढता? किलो, दोन किलो?”

गॅसवाल्याच्या खांद्यावर सिलिंडर तसंच होतं. त्यानं ते खाली ठेवलं. काही न बोलता गाडीला लटकवलेला काटा सोडून आणला, सिलिंडर अडकवलं आणि काटा आबाजींच्या डोळ्यांसमोर धरला. तीस किलो शंभर ग्रॅम. मग त्यानं सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. तिथे रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. पंधरा किलो नऊशे. वजाबाकी आबाजींना कोणी शिकवायची गरज नव्हती. चौदा किलो दोनशे ग्रॅम, भरायला पाहिजे तेवढा गॅस बरोबर भरलेला.

“हे बरोबर असेल. आधीचं नव्हतं,” आबाजी म्हणाले. पडतं घ्यायची वेळ आली की माणूस असंच काहीतरी बोलतो.

गॅसवाला आत गेला. न्हाणीघराबाहेरच्या बोळीत सिलिंडर ठेवलं, रेग्युलेटर बसवला, जोडाला साबणाचं पाणी लावून गळती पाहिली आणि गिझर एकदा पेटवून बघितला. निघताना म्हणाला, “बाबूजी, गिझरची ज्योत पिवळी दिसून रायली. निळी पायजे जी. एकदा मिस्त्रीले दाखवून घ्या.”

“तुम्ही तुमचं काम करा,” आबाजी म्हणाले.

ते वाक्य तसंच पडून राहिलं. सांगणाऱ्याविषयी मन कलुषित असलं की त्यानं सांगितलेलं शहाणपणही कानाबाहेरच राहतं.

आबाजींची नात नववीत होती. वही तिच्या हाती लागली. तिला प्रश्न चोराचा वाटलाच नाही, गणिताचा वाटला. “आबाजी, थंडीत पाणीच जास्त गार असतं ना? मग गॅस जास्त लागणारच. पण किती जास्त?”

नागपूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना मे महिनाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षी इतकी थंडी पडत नाही हे खरं. तरी उत्तरेकडचं वारं सुटलं की गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी रातभरात असं गारठतं की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. नातीनं सीताबर्डीच्या बाजारातून प्रयोगशाळेत वापरतात तसा तापमापक आणवला आणि पहाटे सहाला नळाखाली धरला. चौदा अंश. आंघोळीचं पाणी बेचाळीस अंश लागतं, हेही मोजलं. म्हणजे अठ्ठावीस अंशांची चढण. पावसाळ्यात टाकीतलं पाणी सव्वीसच्या आसपास धरलं तर चढण फक्त सोळा अंशांची.

वीस लिटर पाणी एक अंशानं तापवायला वीस किलोकॅलरी लागतात. पावसाळ्यात बादलीमागे तीनशे वीस, आता पाचशे साठ. पावणेदोन पट. कोणी चोरी न करता, कोणी एक तांब्याही जास्त न घेता गॅस पावणेदोन पट जाणार, हे तिनं पेन्सिलीनं लिहून दाखवलं. आबाजी चष्मा सावरून वाचत होते. त्यांच्या वहीत पंचेचाळीस दिवस होते. त्याला पावणेदोननं भागलं.

“सव्वीस,” ते म्हणाले.

“हो. पण आपलं तर एकोणीस दिवसांतच संपलं.”

सात दिवस उरले. वजन पुरेपूर होतं हे काट्यावर दिसलं होतं, थंडीचा वाटा गणितात आला होता, आणि तरी सात दिवसांचा गॅस कुठेतरी जात होता. आता कुठे आबाजींना ते पडून राहिलेलं वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना ते न्हाणीघराच्या दारात जाऊन उभे राहिले. गिझरच्या खिडकीतून ज्योत दिसत होती. पिवळी, वर वर लपलपणारी. गिझरच्या वरच्या बाजूच्या भिंतीवर काजळीचा काळा पट्टा उमटला होता. वर झरोका होता, त्याला पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारलेली. वारं येतं म्हणून नोव्हेंबरात तो त्यांनी स्वतःच लावून घेतला होता.

गॅस नीट जळायला हवा लागते. ती कमी पडली किंवा बर्नर कचऱ्यानं तुंबला की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते. तांब्याच्या पात्यांवर काजळीचा थर बसला की उष्णता पाण्यात कमी उतरते, उरलेली वर निघून जाते. मग पाणी हवं तसं तापत नाही म्हणून गॅसचं बटण आणखी पुढे सरकवलं जातं. सात दिवस इथे जात होते. पण गॅस जातो ही त्यातली लहान गोष्ट. अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. बंद न्हाणीघरात आंघोळीला गेलेली माणसं आतच कोसळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

त्या घरात सगळ्यांत शेवटी सून आंघोळ करायची. चार जणांच्या आंघोळींनी कोंदलेल्या हवेत ती पाचवी. महिनाभर ती रोज सकाळी एका हातानं कपाळ दाबत चहा ठेवत होती. “डोकं फार दुखतं, गरगरतं,” असं तिनं सांगितलंही होतं. “थंडी आहे, कानाला बांधत जा,” असं घरातल्या प्रत्येकानं तिला सांगितलं होतं. आबाजींनीसुद्धा. त्यांच्या वहीत सिलिंडरचे दिवस एकेक करून मोजलेले होते. सुनेच्या डोकेदुखीचा एकही दिवस कुठे लिहिलेला नव्हता.

त्यांनी आधी गिझर बंद केला, मग स्टुलावर चढून पुठ्ठा ओरबाडून काढला. दुपारी मिस्त्री आला. बर्नरची भोकं तुंबलेली, पात्यांवर काजळी, नळीत क्षार. सगळं साफ करून त्यानं गिझर न्हाणीघराबाहेर, परसातल्या उघड्या भिंतीवर बसवला आणि गरम पाण्याची तेवढी नळी आत घेतली. ज्योत निळी झाली. नातीनं आणखी एक शोध लावला. बोअरचं ताजं उपसलेलं पाणी पहाटेही सव्वीस अंश भरत होतं, कारण जमिनीच्या पोटातल्या पाण्याला वरच्या थंडीचा पत्ता नसतो. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं हे आजीला लहानपणापासून ठाऊक होतं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. आता विसाणाला गच्चीवरच्या टाकीतल्या गार पाण्याऐवजी बोअरचं घेतात, त्यामुळे गिझरच्या थोड्याच कढत पाण्यात भागतं. आठवड्याभरात सुनेचं डोकं दुखायचं थांबलं.

नवं सिलिंडर संपायला या वेळी महिना होत आला. गॅसवाला फाटकाशी आला तेव्हा आबाजी पुन्हा तिथेच उभे होते. शेजारच्या काकांना आणि समोरच्या वहिनींना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. चौघांसमोर अपमान करायचा आणि माफी घरात नेऊन मागायची, हे त्यांना पटत नव्हतं.

“भाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला चोर म्हणालो. चोरी नव्हती. तुम्ही ज्योतीचं सांगितलं नसतं तर माझ्या घरात काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. मला माफ करा.”

गॅसवाला अवघडला. सिलिंडर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, “ते जाऊ द्या जी. पण ह्या गल्लीत अजून सात-आठ घरी गिझर आतच हायेत. मी सांगतो त लोक म्हणतात, तू सिलिंडर ठेव अन् जा. तुमी सांगान त आयकतील.”

आबाजींनी पायात चपला घातल्या. पहिलं घर शेजारच्या काकांचं होतं.

“आमचा गिझर नवाच आहे,” काका म्हणाले.

“असू द्या,” आबाजी म्हणाले आणि गॅसवाल्याला पुढे केलं. “आधी ह्यांना झरोका पाहू द्या.”