मुळं कोण पाहणार?

मान वर कर. पात शेंड्याकडून वाळत चालली, कांदा पोसेना, हे तुला दिसलं होतं. मग तू काय केलंस? युरिया फेकलास. पाणी सोडलंस. फरक पडला नाही, तर पुन्हा युरिया. एक रोप उपटावं, मुळं धुवावीत, डोळ्यांसमोर धरावीत, हे एकदाही सुचू नये? हातात कुदळ होती, विहिरीला पाणी होतं. वर्गात कृषी विषय घेऊन बसतोस आणि पिकाचा अर्धा भाग जमिनीखाली असतो हे वाडीत गेल्यावर विसरतोस!

ही बघ, तुझ्याच वाफ्यातली मुळं. पांढरी असायला हवीत, ती गुलाबी आहेत. ही जांभळी झाली, आणि ही चिरमटून मेली. रोप नवी मुळं फोडतं, मातीतली बुरशी तीही धरते. सारी ताकद मुळं फोडण्यात गेल्यावर कांदा कशावर पोसेल? खत कमी नव्हतंच. खत ओढणारी मुळं उरली नव्हती. याला गुलाबी मूळकूज म्हणतात. जमीन तापायला लागली की ती जोर धरते.

टेक्सासात शंभर वर्षांपूर्वी कांद्याला हाच रोग लागल्यावर तिथल्या अभ्यासकांनी दोष फ्युझारियम बुरशीला दिला. 1929 साली कॅलिफोर्नियात हॅन्सन यांनी खरी बुरशी वेगळीच असल्याचं दाखवलं. आज तिला सेटोफोमा टेरेस्ट्रिस म्हणतात. ते अभ्यासक चुकले, पण मुळं तपासून चुकले. तू तपासलीच नाहीस.

आणि वहीत काय लिहिलंस? ‘कांद्यानंतर मका घेतला, फेरपालट झाली.’ कुठे झाली? ही बुरशी मक्याच्या मुळांवर राहते, गव्हाच्या राहते, ज्वारीच्याही राहते. टोमॅटो-मिरचीवरही तग धरते. पीक बदललं, तिचा आसरा तसाच राहिला. तुमच्या धानाच्या बांध्या मोठ्या आणि वाडी एवढीशी, म्हणून कांदा दरवर्षी विहिरीजवळच्या त्याच पट्टीत पडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या पट्टीत कोणत्या साली काय घेतलं, याची नोंद तुझ्याकडे हवी होती.

पण मला खरा संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. उरलेलं रोप तू सालेकशाच्या मामाला नेऊन दिलंस. ‘गुरुजी, पात हिरवीगार होती’ म्हणतोस! अशा जमिनीतलं रोप वरून चांगलंच दिसतं. रोग मुळांतून आणि मुळांना चिकटलेल्या मातीतून जातो. एकदा शिरला की वर्षानुवर्षं राहतो, पानांवर फवारे मारून निघत नाही. मामानं तुझ्या शब्दावर ते रोप घेतलं. त्याची जमीन नासवायचा अधिकार तुला कोणी दिला? लाज वाटू दे, आणि आजच संध्याकाळी जाऊन त्याला खरं काय ते सांग. लपवलंस तर मी स्वतः सालेकशाला जाईन.

आता ऐक. आजारी झाडं मुळांसकट काढायची. धुऱ्यावर फेकायची नाहीत, उकिरड्यात तर मुळीच नाहीत, वाळवून जाळायची. एप्रिल लागला की ती पट्टी भिजवून पारदर्शक प्लास्टिकनं झाकायची, कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली याच रोगावर हा उपाय छापून मांडला आहे. आपल्या वैशाखात उन्हाला काय तोटा? बुरशी समूळ जाणार नाही, पण दबेल. पुढची तीन ते सहा वर्षं तिथे कांदा नाही, लसूण नाही, मकाही नाही. काय घ्यायचं ते स्वतःच्या मनानं ठरवू नकोस. बाला सोबत घे, मुळं पिशवीत बांध आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवून विचार.

आणि ती कुदळ भिंतीला टेकवून आलास ना? तिच्या पात्याला त्याच वाफ्याची माती आहे. माय उद्या तीच घेऊन लसणात शिरेल. जा, आधी ती धुऊन ये.