मृत्यूचं पान आणि परीस

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या इंदूरच्या मंडळातल्या एक ताई प्रसाद न घेताच कोपऱ्यात बसून राहिल्या. जवळ जाऊन विचारलं तर डोळ्यांत पाणी. लेकीचं लग्न ठरलंय, साखरपुडा तोंडावर आलाय, आणि घरात कुणीतरी हौसेनं फोनवरून टॅरोचं पान काढून घेतलं. निघालं तेरावं, मृत्यूचं! तीन दिवस ताईंना अन्न गोड लागत नव्हतं. "स्थळ मोडू का हो?" असं त्या विचारत होत्या.

आम्ही सेवेकरी बायकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. आमच्यातल्याही काही जणी रोजचं पान बघतातच की! म्हणून ही पानं आली कुठून, ते आम्ही बसून वाचून काढलं.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतली श्रीमंत घराणी तो खेळत. एकूण ७८ पानं, त्यात २२ चित्रांची. जवळजवळ साडेतीनशे वर्षं लोक ती खेळायलाच वापरत होते. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या विद्वानानं लिहिलं की हे प्राचीन मिसर देशाचं गुप्त ज्ञान आहे. मिसरची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली. म्हणजे पोथी वाचण्याआधीच अर्थ सांगून मोकळे!

पुढे हिब्रू लिपीची अक्षरंही २२ आणि चित्रंही २२, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. एलिफास लेवी यांच्या मांडणीत मृत्यूच्या पानाला 'मेम' हे अक्षर मिळालं. १८८८ मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन' नावाचं मंडळ निघालं. त्यांनी क्रम एका घरानं सरकवला, आणि त्याच पानाला 'नून' हे अक्षर आलं. मेम म्हणजे पाणी, नून म्हणजे मासा. माणसांनी क्रम बदलला की अर्थ बदलतो. अशा पानावर लेकीचं आयुष्य ठरवायचं का?

पण त्या चित्रात शिकण्यासारखं काहीच नाही, असंही आम्ही म्हणणार नाही. या मंडळींनी पानांना किमयेचीही जोड दिली. आपला 'किमया' आणि युरोपातला 'अल्केमी' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज. तिकडचे किमयागार म्हणत, धातू आधी काळा पडतो, मग पांढरा होतो, मग तांबडा. जुनं रूप मेल्याशिवाय नवं येत नाही. आपल्या रसशास्त्रातही धातूचं भस्म करण्याच्या क्रियेला 'मारण'च म्हणतात, आणि त्या मारलेल्या धातूचं औषध होतं. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या मृत्यूच्या पानात मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो. भीतीपोटी तो सूर्य आपल्याला दिसतच नाही.

अक्षरांची उपासना आपल्याकडेही आहे. सहा चक्रांच्या कमळांच्या पाकळ्या मोजा: ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज ५०, आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर. पण ही अक्षरं आपण जपासाठी वापरतो, उद्या काय होणार ते विचारायला नाही.

परिसा भागवतांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याजवळ परीस होता. तो राजाईच्या हातून नामदेवरायांच्या घरी आला, आणि नामदेवांनी सरळ चंद्रभागेत टाकून दिला. भागवत रागावून मागायला आले, तर नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून पुढे धरले. सगळेच परीस! लोखंडाचं सोनं करणारा दगड ज्यांच्या घरात होता, तेच भागवत शेवटी नामदेवांचे शिष्य झाले. गळला तो अहंकार. खरी किमया ती, नाही का?

त्या दिवशी ताईंच्या शेजारी बसून आम्ही एक माळ जप केला. मग हळूच विचारलं, "ताई, पान निघायच्या आधी काही खुपत होतं का?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलाची नोकरी फार लांब आहे. लेक परत कधी दिसेल?" पान हे निमित्त झालं, ही काळजी आधीपासून मनात होती. या काळजीचं उत्तर लेकीशी आणि मुलाकडच्यांशी समोर बसून बोलूनच मिळेल. ताई या रविवारी बोलणार आहेत. निर्णय त्यांच्या घरचा आहे, आपण त्यांच्या पाठीशी राहू.

या आठवड्याचा नेम एवढाच: मनाला कशाची भीती वाटली तर आधी एक माळ नाम घ्यायचं, मग भीतीचं खरं नाव शोधायचं, आणि ज्या माणसाशी बोलायला हवं त्याच्याशी बोलायचं. आणि घरच्या ग्रुपवर 'आजचं पान' पुढे पाठवण्याआधी, ते कुणा आईच्या हाती पडेल, याचा क्षणभर विचार करूया.

काही चुकलं असल्यास लहान समजून सांभाळून घ्यावं.

गुरुचरणी अर्पण. 🙏