वर्गातला अभंग: कला की उपासना?

माध्यमिक शाळेत संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवायला घेतले की धर्माचा प्रश्न पहिल्या तासापासूनच सोबत येतो. हिंदुस्थानी संगीताच्या बंदिशींत कृष्ण आहे, अल्ला आहे, पीर-औलियाही आहेत. भरतनाट्यमची विद्यार्थिनी अडवूंच्या आधी भूमीला नमस्कार करायला शिकते. कथकचे घुंगरू पायात बांधण्यापूर्वी कपाळाला लावले जातात. दशावतार, गोंधळ, भारूड यांतून देव वजा केला तर फारसे काही उरत नाही. मग आठवीतला मुलगा वर्गात अभंग म्हणतो तेव्हा तो गाणे शिकत असतो की प्रार्थना करत असतो? ज्याची श्रद्धा वेगळी आहे, किंवा जो कोणताच देव मानत नाही, त्याला तो अभंग म्हणायला लावणे रास्त आहे का?

भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाची चाहूल आधीच लागते. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन पाचवा वेद रचला, असे तिथे सांगितले आहे. वेदश्रवणाचा अधिकार ज्यांना नाकारला होता, त्यांच्यासह सर्व वर्णांसाठी तो होता. पण पहिल्याच प्रयोगात देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव दाखवला गेला. तो पाहणारे दैत्य दुखावले आणि त्यांनी प्रयोग बंद पाडला. इंद्राने आधी दंड चालवला, तरी विघ्ने थांबली नाहीत. शेवटी ब्रह्मदेवाला दैत्यांची समजूत काढावी लागली: नाट्य एकट्या देवांचे किंवा एकट्या दैत्यांचे नाही, त्यात तिन्ही लोकांचे भाव दिसतात. रंगमंचावरच्या दर्शनाने कोणी दुखावला तर त्याला हाकलून न देता त्याच्याशी बोलावे, हे या ग्रंथाने पहिल्याच अध्यायात नोंदवून ठेवले आहे, आणि शाळांनी ते जरूर वाचावे.

पुढे रससिद्धान्ताने या समजुतीला तात्त्विक बैठक दिली. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि इसवी सन 1000 च्या सुमारास काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ती वेगळ्या अंगाने पुढे नेली. रंगमंचावरचे दुःख ना नटाचे असते, ना प्रेक्षकाचे, ना खऱ्या रामाचे. ते व्यक्तीपासून सुटते, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्त म्हणतो की रस नटाच्या ठायी नसतो. चषकाला मद्याची चव लागत नाही, तसा नट हे आस्वादाचे केवळ साधन आहे.

कथकच्या वर्गात हे डोळ्यांनी पाहता येते. गतभावात एकच मुलगी द्रौपदी होते, पलटा घेऊन दुःशासन होते आणि आणखी एका पलट्याने कृष्ण होते. वेश तोच, चेहराही तोच. बदलतात ती फक्त मानेची ठेवण, नजरेची उंची आणि हाताची पकड. दुःशासन करताना ती दुष्ट होत नाही, मग कृष्ण करताना तिने वैष्णव झालेच पाहिजे असेही नाही. यशोदेचे वात्सल्य दाखवण्यासाठी तिला बाळाचा कान किती हलक्या हाताने धरावा हे कळले पाहिजे. ते कळायला कोणत्याही धर्माची मुलगी समर्थ आहे.

इथवर उत्तर सोपे वाटते, पण ते पुरेसे नाही. देवाविषयीच्या रतीला संस्कृत साहित्यशास्त्राने बराच काळ ‘भाव’ मानले, रसाचा दर्जा दिला नाही. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधु’ लिहून ही मांडणी बदलली. त्यांच्या मते भक्ती हाच मुख्य रस आहे आणि तो चाखणारा स्वतः भक्तच असतो. नट आणि भक्त यांच्यातले अंतर तिथे मिटते. नामसंप्रदाय तर आणखी पुढे जातो. भागवतातला अजामिळ मरणाच्या वेळी नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारतो, मनात देव नसतो, तरीही तरून जातो. उच्चारच फळ देत असेल, तर ‘मी फक्त सराव करत होतो’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. वारकऱ्याच्या लेखी विठ्ठलाचे नाव हे कधीच नुसते शब्द नसतात.

लक्षणीय गोष्ट अशी की गायला नकार देणारा श्रद्धावानही नेमके हेच मानतो. 1985 मध्ये केरळमधील एका शाळेने यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत हे काही उपासनागीत नव्हे, तरीही गाण्याची कृती आपल्या विवेकाला बांधते असे त्या मुलांना वाटत होते आणि न्यायालयाने त्या प्रामाणिक वाटण्याला मान दिला. म्हणजे नाम घेणारा आणि न घेणारा, दोघेही उच्चाराला कृती मानतात. ‘ही तर फक्त कला आहे’ हे सौंदर्यशास्त्राचे मत आहे आणि ते आदरणीय आहे, पण ते सगळ्यांवर लादण्याचा अधिकार शाळेला नाही.

संगीत या विषयाला संस्थेत आणणाऱ्या दोन मराठी माणसांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीताला घरंदाज कुटुंबांत मान मिळावा म्हणून त्यांनी बंदिशींतले शृंगारिक शब्द बदलले आणि भजनाला मोठे स्थान दिले. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. उस्तादांकडून, त्यांत मुसलमान घराणी होती, बंदिशी मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत छापल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. ग्वाल्हेर आणि लखनौच्या संगीत विद्यालयांच्या उभारणीत त्यांचा हात होता. पलुसकरांमुळे मध्यमवर्गातल्या मुली गाऊ लागल्या, हे ऋण मोठे आहे. तरी आजच्या सर्वधर्मीय वर्गाला भातखंड्यांची वाट अधिक मानवते, कारण तिच्यात यमन शिकायला आधी तीव्र मध्यम ओळखावा लागतो, श्रद्धा जाहीर करावी लागत नाही.

संविधानाच्या कलम 28 नुसार पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. धर्माची शिकवण देणे आणि धर्माविषयी अभ्यास करणे यांत मात्र न्यायालयांनी फरक केला आहे. 1971 च्या डीएव्ही कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास हे धार्मिक शिक्षण ठरत नाही, असा निर्वाळा मिळाला.

अभंगाला हाच निकष लावता येतो. परिपाठाला सगळ्या शाळेने हात जोडून म्हटलेला अभंग आणि तिसऱ्या तासाला पेटीवर बसवलेला तोच अभंग यांत शब्दांचा फरक नाही, पण प्रसंगाचा आहे. तिसऱ्या तासाला शिक्षक आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर हात धरायला लावतात, ‘विठ्ठल’मधले जोडाक्षर मात्रेवर नीट पडते का ते पाहतात, पंढरीची वारी म्हणजे काय आणि चोखामेळ्याला देवळाबाहेर का उभे राहावे लागले ते सांगतात. हा अर्थ गाळून केवळ चाल शिकवणे म्हणजे तटस्थता नव्हे. त्याने मुलांच्या हाती पोकळ गाणे येते आणि संतांवरही अन्याय होतो. शिवाय अभंग शिकवणाऱ्या वर्गात कव्वाली, ख्रिस्ती भजन, भीमगीत आणि ज्यात देवच नाही असा तराणाही शिकवला, तर एकाच श्रद्धेचा भार कोणावर पडत नाही.

तरीही एखादा मुलगा ‘हे मी म्हणणार नाही’ म्हणाला, तर त्याला ठेका धरू द्यावा, तानपुरा छेडू द्यावा किंवा त्याच रागातली दुसरी बंदिश द्यावी, आणि गुण कापू नयेत. परीक्षकाला स्वर, लय, उच्चार, अभिनयातली नजर आणि हस्तमुद्रा मोजता येतात. गाताना मुलाच्या मनात कोण होते याला गुणपत्रिकेत रकाना नाही आणि तो कधी असूही नये.